ओरिजिनलरावांच्या शेजारची सीट

दुकानात त्यांना सगळे चष्मेवाले म्हणत आणि जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात ओरिजिनलराव. पहिलं नाव पोटापाण्याचं होतं, दुसरं त्यांनी स्वतःच्या तोंडाने कमावलेलं. प्रदर्शनात एखादी चकचकीत गाडी दिसली, की हे पाठीमागे हात बांधून तिच्याभोवती फेरी मारत, आत डोकावत आणि मालकाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "छान आहे हो. आरसा तेवढा नंतरचा दिसतोय." झालं! बिचाऱ्याच्या आनंदावर विरजण.

त्यांची स्वतःची गाडी बाटलीच्या हिरव्या रंगाची, चार दारांची आणि वयाने त्यांच्याहून थोडीशीच धाकटी. एका डॉक्टरांच्या घरामागच्या शेडमध्ये ती त्यांना सापडली तेव्हा मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. त्या कोंबडीला उठवल्यापासून ओरिजिनलरावांनी तिच्यात, म्हणजे गाडीत, अर्धं आयुष्य ओतलं. रंग मूळचा, काचा मूळच्या, घड्याळ मूळचं. "आणि बंदही मुळापासूनच," असं बायको म्हणायची.

शेजारच्या सीटवर या बायकोशिवाय कधी कुणी बसलं नाही. मेळाव्यानंतरच्या रॅलीत रस्ता सांगायचं काम तिचं. मांडीवर नकाशा पसरून ती बजावायची, "पुढच्या चौकात डावीकडे वळा, आणि त्या लाल गाडीला नावं ठेवणं आता पुरे." दोघांचं सगळ्यात छान जमायचं ते याच गाडीत. घरात मात्र ती जमेल तेवढं सोसायची.

मागच्या वर्षीच्या रॅलीत डोंगराच्या उतारावर ब्रेक लागला नाही. गाडी कठड्याला घासत खाली गेली आणि मातीच्या ढिगात घुसून थांबली. ओरिजिनलरावांच्या हातात स्टिअरिंग होतं, ते वाचले. बायकोला धरायला काहीच नव्हतं. त्या काळच्या गाड्यांना सीटचे पट्टे नसत, आणि मुळात नव्हते ते भोकं पाडून बसवायचे म्हणजे यांच्या लेखी महापाप. तिचं कपाळ पत्र्याच्या डॅशबोर्डवर आपटलं आणि मनगट मोडलं. भुवईपासून केसांपर्यंत टाके पडले.

"जुनं यंत्र आहे, कधीतरी दगा देणारच," असं सगळे म्हणाले. ओरिजिनलरावांनी नुसती मान डोलावली. दगा कुणी दिला ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. ब्रेकमधलं रबर त्यांनी स्वतः बदललं होतं. नवं, चांगलं रबर बाजारात मिळत होतं. पण यांना कुठूनशी मूळ कंपनीची, सील न फोडलेली डबी मिळाली आणि स्वारी हरखून गेली. डबी त्यांच्या लग्नाच्याही आधीची. रबर डबीतल्या डबीत म्हातारं होतं, हे काय त्यांना कुणी सांगायला हवं होतं? चष्म्याच्या नाकावरच्या गाद्या पाकिटात पडून कडक होतात, आणि दुकानात त्या फेकून देणारे तर हेच. पण डबीवर मूळ छाप होता ना! रॅलीच्या दिवशी सकाळी पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं. दुसऱ्यांदा दाबल्यावर ब्रेक धरला. बायको शेजारीच बसली होती. गाडीच्या मूळपणाला गुण देणारे परीक्षक पलीकडच्या गाडीपाशी येऊन ठेपले होते. हे गप्प राहिले.

वर्षभर ही गोष्ट त्यांना आतून कुरतडत होती. गिऱ्हाइकाला तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावून स्वतः भलतीकडेच बघत बसायचे. मुलीने बोलणं टाकलं नाही, पण बोलण्यातली माया आटली. "बाबा, गाडी तुमची आहे, तिचं काय वाटेल ते करा. आई तिच्यात बसणार नाही." आई मात्र बसेन असंही म्हणेना आणि बसणार नाही असंही म्हणेना. ती कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण त्यांना कळायचं. या शांततेपुढे त्यांचं काही चालत नव्हतं.

शेवटी यंदा त्यांनी मन घट्ट केलं आणि ड्रिल मशीन हातात घेतलं. ज्या पत्र्यावरची धूळ ते बोटाने टिपत, त्याला भोकं पाडली. पहिल्या भोकाला डोळ्यांत पाणी आलं. कीस उडाला म्हणावं, तर डोळ्यांवर चष्मा होता. पट्टे बसवले, ब्रेकचं सगळं सामान नवं घातलं. मग बायकोला बोलावून पट्टा लावून दाखवला.

"येशील?"

"येते," ती म्हणाली.

मेळाव्यात परीक्षक आत वाकला आणि पट्टे पाहून सरळ उभा राहिला. "ओरिजिनलराव, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा," ते म्हणाले. गुण कापले गेले. आजूबाजूला खसखस पिकली. ओरिजिनलरावांना मात्र एकदम हलकं वाटलं. चला, प्रायश्चित्त झालं, असं त्यांनी स्वतःलाच सांगून टाकलं.

रॅली निघाली. सपाटीवर ती रस्ता सांगत होती. "डावीकडे." "आता सरळ." बस, तेवढंच. एक पिवळीधमक गाडी पुढे गेली. "चाकांचा रंग बघितलास का? लग्नाचा बँड चाललाय जसा!" असा त्यांनी खडा टाकून पाहिला. ती नुसतं "हं" म्हणाली.

डोंगर लागला आणि उतार सुरू झाला. पहिल्या वळणावर त्यांची नजर शेजारी गेली. तिने एक तळहात डॅशबोर्डवर घट्ट रोवला होता. उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबून धरला होता. तिच्या बाजूला ब्रेक नव्हताच, तरी ती तो सगळ्या ताकदीने दाबत होती.

त्यांनी गाडी कडेला घेतली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे गेल्या.

"अगं, पट्टा आहे. ब्रेक नवे आहेत, मी पुन्हा पुन्हा तपासलेत. अजून गाडीची भीती वाटते?"

तिने नकाशाची घडी घातली. "गाडीची कशाला वाटेल? तिने बिचारीने त्या दिवशी सकाळीच सांगितलं होतं. पेडल खाली गेलं, ते मीही पाहिलं."

ओरिजिनलराव तिच्याकडे वळले. "मग तू विचारलं का नाहीस?"

"तुमच्या तोंडाकडे पाहिलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. म्हटलं, धोका असता तर यांनी मला उतरवलं असतं."

"परीक्षक जवळ आले होते," ते म्हणाले. वर्षभर पोटात ठेवलेलं बाहेर आलं ते एवढंच, आणि ते ऐकून त्यांची त्यांनाच शरम वाटली.

"तेही पाहिलं मी," ती म्हणाली.

मग ओरिजिनलरावांनी समोरच्या उताराकडे बघत विचारलं, "उतरतेस?"

"हो," ती म्हणाली. तिने पट्टा सोडला, पर्स घेतली, दार हलक्या हाताने लावलं आणि कठड्याच्या कडेकडेने खाली चालू लागली. ओरिजिनलरावांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि तिच्या मागून, तिच्याच चालीने, ते उतार उतरू लागले.