शनिवारची लाल गाडी

परदेशात निर्माल्याचे मोठे अवघड असते. नदीत सोडता येत नाही, कचऱ्यात टाकवत नाही. मग ते पिशवीत साठत जाते. किश्श्यांचेही तसेच होते. मेलबर्नजवळ पॉइंट कुकला मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलो आणि कोरोनात विमाने बंद झाल्याने अडकून पडलो. त्या काळात माझ्याजवळ दोनच गोष्टी साठल्या: निर्माल्य आणि शनिवारचे किस्से. सांगलीच्या घराला कुलूप होते. इथे बॅगेतून आणलेला एक बाळकृष्ण आणि मी, दिवसभर एकमेकांकडे पाहत असू.

*

माझा मुलगा केदार आठवडाभर दार लावून ऑफिसचे काम करी. शनिवारी चार वाजता मात्र तो गॅरेजमध्ये जाई. तिथे त्याने स्क्रीनसमोर खुर्ची, स्टीअरिंग आणि पायाशी ब्रेक बसवले होते. त्याचे मित्र आपापल्या घरी बसूनच स्क्रीनवर येत आणि सगळे मिळून इंटरनेटवर मोटारींची शर्यत लावत.

पहिल्या दिवशी मी प्रसाद घेऊन आत गेलो, तोच केदार ओरडला, “आप्पा, बाजूला व्हा, ब्रेक लागत नाहीये!”

मी ‘नारायण’ म्हणत भिंतीला चिकटलो. प्रसादाची वाटी खाली. गाडी स्क्रीनच्या बाहेर येत नाही, हे मला तिथल्या तिथे कोण सांगणार?

*

या मंडळींचा वाद एकच: शर्यत गाडी जिंकते की चालवणारा?

जवळच्याच टार्निटचा समीर यात सर्वांत ठाम. जिंकला की म्हणे, “स्किल रे, स्किल!” हरला की म्हणे, “गाडीच भंगार!”

एकदा केदारने माझ्याकडे निवाडा सोपवला. देह हा रथ आणि आत बसलेला सारथी निराळा, हे मी अनेक वर्षे कीर्तनांत ऐकत आलो आहे. मी डोळे मिटून, मनापासून निरूपण केले. डोळे उघडले तर सगळे पुढच्या शर्यतीला लागलेले, नुसती इंजिने घोंघावत होती. मी ओशाळून गप्प झालो.

तेवढ्यात स्पीकरमधून एक आवाज आला, “काका, थांबलात का? पुढे?”

तो मंदार होता.

*

मंदार दूर दुसऱ्या राज्यात, टूवूंबाला, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरीला. बरोबर राहणारा मित्र गाव सोडून गेलेला, राज्यांच्या सीमा बंद. आठवडाभर नमुने, यंत्रे आणि रिकामा फ्लॅट. त्याच्याशी मराठीत बोलणारे आम्ही एवढेच, आणि तेही शनिवारीच.

शर्यतीत तो नेहमी शेवटचा. समीर त्याला सोडत नसे. “मंद्या, तू रेस करतोस की प्रदक्षिणा घालतोस?”

“प्रदक्षिणाच रे. काका बसलेत ना गाभाऱ्यात!”

मी हसलो. नंतर देवापुढे बसलो तेव्हा त्याचा तो हसरा आवाज काही केल्या कानांतून जाईना.

*

एका शनिवारी वाद मिटवायचाच म्हणून त्यांनी गाड्या बदलल्या. सर्वांत वेगवान लाल गाडी समीरला, सर्वांत रडकी पिवळी केदारला. पिवळी जिंकली!

समीर म्हणाला, “काका, लाल गाडीची दृष्ट काढायला हवी होती.”

दुसऱ्याच दिवशी विजेत्या केदारने कित्येक आठवड्यांनी खरी मोटार बाहेर काढली आणि मागे घेताना शेजाऱ्याचा हिरवा कचऱ्याचा डबा आडवा केला. शेजारी कुंपणावरून म्हणाला, “नो वरीज, मेट!” समीरला हे कळले तेव्हा त्याने एवढेच विचारले, “डबा पिवळा होता का रे?”

*

आणि मग तो शेवटचा शनिवार. मेलबर्नचे निर्बंध उठणार, हे ठरले होते. समीर म्हणाला, “चला, आज लास्ट रेस. पुढच्या वीकेंडला बीचवर!” सगळे ओरडले. मंदारही ओरडला, जरा उशिरा. आमच्याकडचे दार उघडले तरी टूवूंबात तो एकटाच राहणार होता.

लाल गाडी कोणाला, यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. बाळकृष्णापुढची एक उचलून मी वाचायची होती. उचलली. नाव समीरचे होते. मी चष्मा सारखा केला आणि वाचले, “मंदार.” देवासमोर खोटे बोलण्याची माझ्या आयुष्यातील ती पहिलीच वेळ.

मंदारने अशी काही गाडी काढली की सगळे थक्क! कुणीच जवळपास नाही.

“गाडी रे, गाडी!” समीर ओरडला.

“अरे, ती वळणं बघ त्याची,” केदार हळूच म्हणाला. “हा इतके दिवस करत काय होता?”

त्यांच्या खेळाचा नियम असा, की शेवटची गाडी रेषा ओलांडेपर्यंत कुणी जायचे नाही. ती गेली की स्क्रीन आपोआप काळी होते आणि गप्पाही तुटतात.

रेषा हातभर उरली आणि लाल गाडी थांबली. एकेक करून सगळे तिच्या बाजूने पुढे गेले.

“मंद्या, बंद पडली का?”

“नाही रे. गाडी एकदम बेस्ट आहे.”

“मग घाल की पुढे! जेवायचंय.”

इंजिन नुसते घुरघुरत राहिले. मग मंदार म्हणाला, “काका, आज नैवेद्याला काय केलं होतं?”

“वरणभात आणि बटाट्याची भाजी.”

“भाजी कशी करता?”

केदारने माझ्याकडे पाहिले. मी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. “आधी तेल चांगलं तापू द्यायचं. मग मोहरी. ती पूर्ण तडतडेपर्यंत घाई करायची नाही. मग कढीलिंब, मिरची...”

“काका,” समीर म्हणाला, “हिंग राहिला!”