तानुबाईच्या खर्चाचा हुकूम

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तानुबाई चांगली शहाणी होती, तरी चढली. मी तिला चढताना पाहिलं, कारण सांगलीत एका फौजदारी वकिलाचा कारकून म्हणून माझा सगळा जन्म त्याच पायरीवर चालला होता. नवा पक्षकार दिसला की मला आधी कंटाळा यायचा, मग राग. ही बाई आली त्या दिवशी तर दोन्ही एकदमच आले.

ती माधवनगरकडच्या एका वस्तीवरची धनगरीण. नवरा वारलेला, घोंगड्या विणून पोट भरायची. लोकर धुवायला वस्तीखालचा ओढा होता. वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना निघाला आणि ओढा आज हिरवा तर उद्या तांबडा वाहू लागला. धुतलेली लोकर डागाळायची, मेंढरं पाण्याला तोंड लावीनात. पंचायतीनं हात वर केले, मालकानं फाटकातून हाकललं, तेव्हा ती आमच्या साहेबांकडं आली. "वड्याचं पानी पयल्यावानी करून द्या," एवढंच तिचं मागणं.

साहेबांनी सार्वजनिक उपद्रवाचा खटला भरला. एक आरोपी मालक, दुसरा रंगाचं पाणी ओढ्यात सोडणाऱ्या नळावरचा कामगार हरिबा. हा हरिबा म्हणजे तिच्या सख्ख्या भावाचा पोरगा!

"त्याचं नाव नगं," ती हात जोडून म्हणाली.

"बाई, नळावर हात त्याचा आहे. त्याला सोडून मालक सापडायचा नाही," साहेब म्हणाले.

मग तारखांवर तारखा. बाई भाकरी बांधून चालत यायची, दिवसभर आवारातल्या लिंबाखाली बसायची आणि पुढची तारीख घेऊन जायची. पाच मेंढरं त्यातच बाजारात गेली. साक्षीला उभी राहिली तेव्हा कोर्टाची शपथ तिला पुरेना. कमरेच्या चंचीतून आरेवाडीच्या बिरोबाचा भंडारा काढून तिनं कपाळाला लावला आणि म्हणाली, "ह्या कोर्टात खोटं वागले तर माझी मेंढरं देवानं न्ह्यावी." साहेब खूश झाले.

निकाल लागला. मालक सुटला, त्यानं पाणी सोडायला सांगितल्याचा पुरावा नव्हता. हरिबा दोषी. दंड किरकोळ होता, तो त्यानं तिथंच भरला. पण खाली न्यायाधीशांनी आणखी एक ओळ घातली होती: फिर्यादीचा खटल्याचा सगळा खर्च आरोपीनं द्यावा, न दिल्यास एक महिना कैद. घातली ती चांगल्या मनानंच, बाईचे हेलपाटे बघून. मागणीही आमचीच, मालक भरील म्हणून केलेली. मालकानं हरिबाला त्याच संध्याकाळी कामावरून काढून टाकलं. हा आता भरणार काय, कप्पाळ!

दुसऱ्या दिवशी तानुबाई दारात हजर. "खर्च माझा न्हवं? मग मला त्यो नगं. खोडा म्हणावं."

साहेब तिला घेऊन न्यायाधीशांपुढं गेले. ते भले गृहस्थ. म्हणाले, "बाई, सही झालेला निकाल मला बदलता येत नाही. लिहिताना आकडा चुकला असता तर दुरुस्त केला असता. वरच्या कोर्टाला खर्चाचा हुकूम बदलता येतो. तिकडं अर्ज करा."

"तुमीच लिवलं आन् तुमालाच पुसता येत न्हाई? मग लिवायच्या आदी इचारायचं तरी मला!"



बाहेर आल्यावर साहेबांनी जवळचा रस्ता सांगितला. 'मला नको' असं लिहून देऊन भागणार नव्हतं. 'पैसे मिळाले' असा अंगठा दिला की हरिबा मोकळा. मी शाईचा पॅड उघडून धरला. तानुबाईनं अंगठा मुठीत घेतला.

"मिळालं न्हाईत, मग मिळालं कसं म्हनू? भंडारा लावून बोललेय मी हितं."

माझं डोकं फिरलं. "अगं ए बाई, देव काय तुझा अंगठा बघत बसलाय होय? भाचा जाईल आत!"

ती घळाघळा रडली. पण मूठ उघडली नाही. असली सचोटी काय चुलीत घालायचीय, असं मला वाटलं, आणि तसं मी बोललोही.

वर अर्ज गेला, तर मे महिन्याची सुट्टी आडवी आली. हरिबाला धरून नेलं. सुट्टी संपल्यावर वरच्या न्यायाधीशांनी कागद चाळले आणि बसल्या बैठकीत खर्चाची ओळ रद्द केली. तोवर पोराची कैद संपत आली होती.

हुकूम घेऊन मी आणि तानुबाई तुरुंगाच्या दारात गेलो. हरिबा पार वाळून बाहेर आला. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"एक आंगठा, आत्ती," तो म्हणाला. "एका आंगठ्याचं काम हुतं."

"लय वाटलं रं द्यावा. पन न्हाई जमलं मला. तुझ्यापुढं उभं ऱ्हायाची बी लाज वाटतीया."

मग त्यानं विचारलं, "वडा कसा हाय?"

"तांबडाच. नळावर आता सिद्धू हाय." सिद्धू म्हणजे हरिबाचा धाकटा भाऊ. "तू आत गेलास, घरात दाना नव्हता, मग गेला त्यो."

हरिबानं तिच्याकडं बघितलं. "मग? आता त्याच्यावर घालनार व्हय फिर्याद?"

"न्हाई रं," तानुबाई म्हणाली. "वाहू दे वडा कसा वाहतोय तसा. आता आनिक भाचं न्हाईत माझ्याकडं."