कॉफीच्या झाडांवरचं पांढरं

माझ्या नवऱ्यानं नोकरीची सगळी वर्षं अमरावती ते चिखलदरा बस चालवली. वरच्या थांब्यावर गाडी उभी असायची तेवढ्या वेळात ते जवळच्या कॉफीच्या बागांमधून हिंडून यायचे. वऱ्हाडात कॉफी पिकते हे मला लग्नाआधी माहीतच नव्हतं. मी अकोल्याची, आमच्याकडे सगळा कारभार चहाचा. रिटायर झाल्यावर त्यांनी ओळखीच्या एका म्हाताऱ्या माणसाची लहानशी बाग सांभाळायला घेतली. सिल्व्हर ओकच्या सावलीत छातीएवढी झाडं. मग आमचे काही दिवस वर जायचे, काही अमरावतीत.

दुसऱ्या उन्हाळ्यात झाडांवर पिठ्या ढेकूण आला. फांद्यांच्या बेचक्यांत, कोवळ्या फळांच्या देठांशी, कोणी कापूस चिकटवून ठेवावा तसे पांढरे पुंजके. आजूबाजूला फवारण्या सुरू झाल्या. ह्यांनी केली नाही. उतारावरची वस्ती आमच्या बागेखालच्या झऱ्याचं पाणी भरायची, ते त्यांच्या डोक्यातून जाईना. शेवटी कुठूनशी माहिती काढून त्यांनी अकोल्याच्या एका प्रयोगशाळेतून ढालकिडे आणले. मसुराहून लहान, अंगानं काळे, डोकं नारिंगी.

"हे पिठ्या ढेकूण खातात," ते मला डबा दाखवून म्हणाले. "अन् यांची पिल्लं यांच्याहून जास्त खातात. पण पिल्लं दिसतात पांढरीच. अंगावर मेणाचे धागे. रोगच वाढला असं वाटते पाहणाऱ्याले."

आणलेले किडे पुरणार नव्हते, म्हणून अमरावतीच्या घरी मागच्या खोलीत त्यांनी लाल कोहळी, म्हणजे लाल भोपळे, मांडली, त्यांच्यावर ढेकूण वाढवले आणि ढेकणांवर ढालकिडे. माझी बहीण आली, खोलीत डोकावली आणि ओरडली, "अवं बाई, कोहळ्याले एवढी बुरशी आली तरी फेकत नाहीस तू?" हे किती दिवस ती गोष्ट सांगून हसायचे.

किडे बागेत सोडले आणि काही दिवसांनी झाडं खरंच पहिल्यापेक्षा पांढरी दिसायला लागली. ह्यांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद मुलांच्या जन्मावेळी पाहिला होता. मला हाताला धरून प्रत्येक झाडापाशी नेलं. त्याच आठवड्यात त्यांचं पोट फुगलं, पायांवर सूज आली. लिव्हर गेलं होतं. अमरावतीला दवाखान्यात भरती केलं.

बागेला पाणी द्यायला हिवरखेडहून माझे दीर गेले. ह्यांच्या पाठचा हा एकच भाऊ. घरची कापसाची शेती, पाठीवर फवारणीचा पंप घेऊनच मोठे झालेले. ते दवाखान्यात आले तेव्हा मी ह्यांना चमच्यानं पेज भरवत होते.

"दादा, बागेची काहीच काळजी करू नको," भाऊजी खाटेवर टेकत म्हणाले. "झाडं पार पांढरी पडली होती. तू पडलेला इथं, म्हटलं आता माणूस उठून पाहीन तर काय पाहीन. घरून पंप नेला अन् सारी बाग धुवून काढली. एक पांढरा ठिपका ठेवला नाही."

मी चमचा वाटीत ठेवला. ह्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, "एकट्यानंच केलं?"

"एकट्यानंच."

"तोंडाले रुमाल बांधला होता?"

"बांधला होता ना."

"बरं केलं," हे म्हणाले. "थकला असशीन. जेवून घे."

भाऊजी जेवणाचा डबा घेऊन बाहेर गेले. मी म्हटलं, "काहून नाही सांगितलं त्यांना?"

"सांगून काय होते? मेलेले काही उठत नाहीत. त्यानं माह्यासाठीच केलं ना. तू बी सांगू नको." मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पांघरुणाखाली खांदे हलताना दिसत होते. मी तिथंच बसून राहिले, हात लावायची हिंमत झाली नाही.

मृगाच्या आधीच ते गेले. घरी मागच्या खोलीतली कोहळी सडून गेली होती.

पुढच्या उन्हाळ्यात ढेकूण पुन्हा आला, जास्तच आला. मी अकोल्याहून पुन्हा किडे आणले. एका सकाळी मी डब्यातली पिल्लं फांदीवर सोडत होते, तर मागं भाऊजी उभे. न सांगता आले होते.

"वहिनी, हा रोग काहून सोडून राहिल्या झाडावर?"

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. मला जमलं नाही. तोवर त्यांनी एक पिल्लू तळहातावर घेतलंही. ते तुरुतुरु बोटावर गेलं, बोटावरून फांदीवर उतरलं आणि तिथल्या ढेकणाला भिडलं. भाऊजी वाकून बघत राहिले.

"दादाचे हेच होते?"

"हो."

"मी दवाखान्यात सांगतलं, तवा त्याले समजलं होतं?"

"हो."

"मंग बोल्ला काहून नाही? दोन शिव्या तरी द्याच्या होत्या मले." ते खाली मातीतच बसले. "मले जेवून घे म्हणे, वहिनी. अन् मी जेवलो."

मी शेजारी बसले. तुमच्यावर राग नव्हता त्यांचा, असं म्हटलं. ते त्यांना माहीतच होतं, आणि त्याचाच त्रास होता. दुपारच्या गाडीनं ते निघून गेले, पाणीसुद्धा घेतलं नाही.

किडे या खेपेला टिकले, पण बरीच झाडं आधीच वाळली होती. बागेच्या मालकाच्या मुलांनीही जमीन परत मागितली, त्यांना तिथं पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या आहेत. थंडीत जी काही लाल फळं धरली होती ती तोडायला भाऊजी आले, जाऊबाईंना घेऊन. दिवसभर आम्ही तिघांनी तोडणी केली. भाऊजी सगळ्यात शेवटच्या ओळीत होते, आमच्याकडे पाठ करून. त्यांची टोपली भरली होती तरी ते एका झाडापाशी फांद्यांत वाकून बघत उभेच होते, म्हणून मी हाक मारली नाही.