बाकापाशी मंदावणारी चाल

सपाट जमिनीवर माणूस सहा मिनिटांत किती अंतर चालतो, यावरून त्याच्या हृदयाला किती काम झेपतं याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. या चाचणीला यंत्र लागत नाही. तीस मीटरचा मोकळा वऱ्हांडा, दोन टोकांना दोन खुणा, एक स्टॉपवॉच आणि फेऱ्या मोजणारं कोणीतरी, एवढं पुरतं. धुळ्याच्या एका खासगी हृदयरुग्णालयात फेऱ्या मोजण्याचं काम दोन वर्षं माझ्याकडे होतं.

माझा हुद्दा अभ्यास समन्वयक असा होता. मी जळगावची. औषधनिर्माणशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतल्यावर मैत्रिणी पुण्यातल्या कंपन्यांमध्ये गेल्या. मी धुळं निवडलं, कारण इथे रुग्ण, नोंद आणि निष्कर्ष या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातात राहणार होत्या. मला पीएच.डी. करायची होती आणि त्यासाठी स्वतः केलेलं काम दाखवणं आवश्यक होतं.

अभ्यासाचा विषय साधा होता. ज्यांच्या हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी झाली आहे, अशा रुग्णांना आधीच वापरात असलेलं एक औषध दिल्यावर त्यांच्या रोजच्या जगण्यात किती फरक पडतो, हे पाहायचं होतं. अभ्यासात येण्यासाठी पहिल्या चाचणीतलं अंतर ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असावं लागे. त्यानंतर दर तीन महिन्यांनी वजन, रक्तदाब, रक्त, तब्येतीविषयीची प्रश्नावली आणि शेवटी वऱ्हांड्यातली सहा मिनिटं. सगळ्या केंद्रांच्या वार्षिक बैठकीत आमच्या केंद्राचे चालण्याचे निष्कर्ष मी मांडावेत, असं इथला अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरांनी ठरवलं होतं. माझा अर्ज त्या सादरीकरणावर उभा राहणार होता. ही गोष्ट मी कोणापासून लपवली नव्हती.

माझ्या आलेखातली सर्वांत उंच रेषा शिंदखेडा तालुक्यातल्या एका बाईंची होती. वय पन्नाशीचं, घरी कापसाची शेती. मी त्यांना अक्का म्हणत असे. पहिल्या भेटीत त्या नऊ फेऱ्या चालल्या आणि अभ्यासात आल्या. तीन महिन्यांनी पंधरा चालल्या. इतकी सुधारणा दुसऱ्या कोणाचीच नव्हती. पडद्यावर ती रेषा कोणत्या रंगात दाखवायची, हेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

तिसरी भेट मे महिन्यात झाली. सोबत त्यांचे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आले होते. नवऱ्याचे गुडघे गेलेले, त्यामुळे बसचा प्रवास त्यांना जमत नसे. जेठ सत्तरीचे, पांढरी टोपी, बोलका स्वभाव. पहिल्या भेटीलाही तेच आले होते, त्यामुळे आमची ओळख होती. वऱ्हांड्याच्या एका टोकाला नातेवाइकांसाठी लोखंडी बाक आहे, त्यावर ते ऐसपैस बसले.

चाचणी सुरू असताना रुग्णाशी गप्पा मारायच्या नसतात. दर मिनिटाला एक ठरलेलं वाक्य म्हणायचं, एवढंच. मी ते म्हणत होते. बाकाला मात्र असं काही बंधन नव्हतं.

“ताई, सहा मिनिट चालाकरता इतलं लांब आनं का हिले? मन्हा वावरमा चालती तं निंदणी तरी व्हती.”

“आबा, चाचणी चालू आहे. बोलू नका.”

“बरं, नही बोलत. पण तुम्हना मोजामा चूक नको व्हवाले. मी बी मोजी ऱ्हायनू.”

अक्कांच्या साडेनऊ फेऱ्या झाल्या. मी स्टॉपवॉच बंद केलं आणि बाकावरून आबांनी तोच आकडा जाहीर केला.

पंधरावरून साडेनऊ ही मोठी घसरण होती. डॉक्टरांनी कागद पाहिला, अक्कांच्या पायांवर बोट दाबून पाहिलं, छाती ऐकली. सूज नव्हती, वजनही वाढलेलं नव्हतं. “आतून पाणी साठायला लागलं असेल,” ते म्हणाले, “अंतर उगाच इतकं पडत नाही.” त्यांनी पाण्याची गोळी दुप्पट लिहिली. शरीरातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी ही गोळी. अक्कांचा रक्तदाब मुळातच कमी होता आणि बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. जादा पाणी नसताना ती दुप्पट घेतली, तर त्या शेतात चक्कर येऊन पडू शकत होत्या. मूत्रपिंडांवर ताण येणार तो वेगळाच.

माझ्याकडे एक जादा कागद होता. सादरीकरणात इतर केंद्रांपेक्षा वेगळं काहीतरी असावं म्हणून त्या महिन्यापासून मी प्रत्येक फेरीची वेळ स्वतंत्र लिहायला सुरुवात केली होती. तसं कोणी सांगितलेलं नव्हतं. औषधाच्या खिडकीपाशी अक्कांची चिठ्ठी पुढे सरकत असताना मी तो कागद पाहिला. बाकाकडे जाणारी प्रत्येक फेरी लांबलेली होती, बाकाकडून येणारी आटोपशीर. पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत हाच क्रम.

थकलेलं हृदय हळूहळू मंदावतं. ते एकाच दिशेला थकत नाही.

मी चिठ्ठी परत घेतली आणि अक्कांना शेजारच्या इंजेक्शनच्या खोलीत नेलं.

“अक्का, त्या टोकाला गेल्यावर तुम्ही हळू का होता? दम लागतो?”

“दम नही लागत.”

“मग?”

त्या हसल्या. मला इतकं साधं कळू नये, याचं त्यांना नवल वाटलं असावं. “तठे जेठ बठेल शेतस ना. त्यास्ना म्होरे कशी धपाधप चालू?”

बाक जवळ आला की त्या पदर पुढे ओढत, भिंतीच्या कडेला होत, पावलांचा आवाज होणार नाही अशा बेताने खुणेपर्यंत जात आणि तशाच वळत. चपला त्यांनी वजनकाट्याजवळच काढून ठेवल्या होत्या, कारण जेठांसमोर चपला घालून मिरवायचं नसतं. पहिल्या भेटीच्या कागदावर शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात ‘रुग्ण अनवाणी’ असं लिहिलेलं होतं. मी ते गरिबीचं लक्षण धरलं होतं. जळगावात माझ्या आईने हे सगळं मोडलं, आजीने पाळलं. म्हणजे हे मला माहीत असायला हवं होतं. दुसऱ्या भेटीला अक्कांसोबत चोपड्याला दिलेली त्यांची बहीण आली होती. त्या दिवशी बाकावर बहीण होती, पायांत चपला होत्या आणि फेऱ्या पंधरा झाल्या होत्या.

मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी फेऱ्यांच्या वेळा दोनदा पाहिल्या.

“म्हणजे अभ्यासाचं औषध बरोबर आहे, बाक चुकला?”

“सर, औषधाबद्दल आज काहीच सांगता येत नाही. तासाभराने मी पुन्हा चालवते. तोपर्यंत गोळी वाढवू नका.”

“आणि पुन्हा नऊच आल्या तर?”

“तर वाढवा.”

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. “पंधरा आल्या तर पहिली नोंद खोटी ठरते. तुझी उंच रेषा जाते. कळतंय ना?”

“कळतंय.”

ते मला खिडकीपाशी चिठ्ठी परत घेतानाच कळलेलं होतं. गोळी दुप्पट होऊ दिली असती तर आलेखावर एक चढ आणि एक उतार राहिला असता, आणि ‘औषधाचा परिणाम टिकवण्यासाठी मात्रेचं नियोजन’ अशा मथळ्याखाली मी तो नीट मांडूही शकले असते. मथळा मला सुचलाही होता. म्हणूनच आबांशी बोलायचं काम मी परिचारिकेवर सोपवलं नाही.

“आबा, तासाभराने अक्कांना पुन्हा चालवायचं आहे. तेव्हा तुम्ही खाली चहा घ्यायला जाल का?”

“का बरं? मी काय मधमा पाय घाली ऱ्हायनू का?”

“तुम्ही समोर असलात की त्या मोकळ्या चालत नाहीत.”

आबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. “मी कवय सांगं तिले, हळू चाल म्हणीसन?”

“तुम्ही नाही सांगितलं.”

“मंग?”

“कोणीच नाही सांगितलं, आबा.”

हे उत्तर त्यांना पटलं की नाही, मला कळलं नाही. ते उठले, जिन्यापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, “मी नसताना मोजामा चोरी करू नका.”

तासाभराने अक्का चपला घालून चालल्या. चौदा फेऱ्या झाल्या, दोन्ही दिशांच्या वेळा जवळजवळ सारख्या. शेवटच्या फेरीत त्यांनी मोकळ्या बाकाकडे एकदा पाहिलं आणि पदर सवयीने सावरला. पण पाऊल मंदावलं नाही. डॉक्टरांनी गोळीची वाढवलेली मात्रा खोडून पूर्वीची लिहिली आणि खाली सही केली.

उरलेलं काम कागदाचं होतं, आणि ते जास्त वेळ चाललं. पहिल्या दिवशी अक्का खऱ्या चालीने चालल्या असत्या तर त्यांचं अंतर बहुधा मर्यादेच्या वर गेलं असतं, म्हणजे त्या अभ्यासात यायलाच नको होत्या. प्रश्न एका रुग्णाचाही राहिला नव्हता. आमच्याकडच्या इतर बायका पहिल्या भेटीला कोणासोबत आल्या होत्या, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी फाटकावरच्या पहारेकऱ्याकडून पासाची वही मागून घेतली. त्यात रुग्णासोबत आलेल्याचं नातं लिहितात. सासरा, जेठ, मामेसासरे, गावचे आबा. दोन दिवस मी त्या वहीतली नाती माझ्या फेऱ्यांशेजारी लावत बसले. काही बायकांचं अंतर सोबतीप्रमाणे बदललेलं दिसलं, काहींचं मुळीच नाही, आणि बऱ्याच जणींबाबत काही ठरवता येईना. प्रश्नावलीचंही तेच. ‘आजारामुळे घरच्यांवर ओझं झाल्यासारखं वाटतं का?’ हा प्रश्न मी जेठांच्या देखत विचारत आले होते आणि ‘नही, बरं शे’ हे उत्तर प्रामाणिकपणे नोंदवत होते.

मी सगळं लिहून अभ्यासाच्या मुख्य केंद्राला कळवलं. आठवडाभरात उत्तर आलं: आमच्या केंद्राच्या स्त्री रुग्णांच्या चाचण्या तूर्त वगळाव्यात. त्या वगळल्यावर मांडण्यासारखं फारसं उरत नव्हतं. बैठकीत आमची वेळ दुसऱ्या केंद्राला दिली गेली. डॉक्टरांनी हे मला जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडता उघडता सांगितलं, आणि त्याच दमात दुपारच्या रुग्णांची यादी मागितली. मला राग आला होता. तो कोणावर धरावा, हे ठरेना, म्हणून मी यादी आणून दिली.

अभ्यासातून नाव कमी झाल्याचं अक्कांना फोनवर सांगावं लागलं. फोन आबांनी उचलला आणि काही न विचारता त्यांना दिला.

“मंग आते येऊ नको का मी?” अक्कांनी विचारलं.

“यायचं, अक्का. औषध चालू राहील, डॉक्टर तपासतील. फक्त वऱ्हांड्यात चालायचं नाही.”

“ते चालानं बरं व्हतं,” त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, “नंतरनं. पहिलं नही.”

पीएच.डी.चा अर्ज मी त्याच महिन्यात भरला. ‘स्वतः केलेलं काम’ या रकान्यात सादरीकरण लिहिता येत नव्हतं. आमच्या केंद्राच्या कार्यपद्धतीत मी एक वाक्य वाढवलं होतं, ते लिहिलं: चालण्याची चाचणी आणि प्रश्नावली यांच्या वेळी रुग्णाच्या घरचं कोणीही समोर नसावं, आणि सोबत कोण आलं आहे याची नोंद पहिल्या रकान्यात व्हावी. मोठ्या रकान्यात ते वाक्य फार लहान दिसत होतं. त्याखाली का आणि कसं, हे लिहायला मी आणखी एक पान जोडलं, आणि फेऱ्यांच्या वेळांचा तो कागद त्याला लावला.