माझ्या नावाचा उतार

तुम्ही हसणार, हे धरूनच सांगतोय. पण आधी माझी बाजू ऐका! चूक माझी असेल, राग मात्र शंभर टक्के खरा होता.

लेकीचा साखरपुडा रविवारी, शुक्रवार पेठेतल्या आमच्याच घरी. त्यासाठी बैठकीतली जुनी शहाबादी उखडून टाइल्स घालायचं ठरलं. मेहबूब मिस्त्रींनी पाणी भरलेल्या नळीनं भिंतींवर एका पातळीच्या खुणा केल्या, त्या धरून काँक्रीट टाकलं आणि म्हणाले, "सपाट झालंय बगा. वाळलं की टाइल्स."

नळी? आजच्या काळात नळी? अहो, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात तीस वर्षं काढलीत मी! कपाटातून स्वतःची बुडबुड्याची लेव्हल काढली. स्वयंपाकघराच्या दारात उकिडवा बसलो, समोर लांब फळी टाकली आणि तिच्यावर लेव्हल ठेवली. बुडबुडा पळाला की माझ्या बाजूला!

"मिस्त्री, हे काय?"

"साहेब, नळी खोटं बोलत न्हाय."

"म्हणजे माझी लेव्हल खोटं बोलते? मला शिकवता?"

"तसं न्हाय की. एकदा बादलीभर पाणी ओतून बगू?"

"पाणीबिणी काही नको! ही बाजू उंच झालीय. पलीकडची भरा!"

भरली बिचाऱ्यांनी. मी जागचा हललो नाही. तीनदा लेव्हल ठेवली, तेव्हा कुठे बुडबुडा मधोमध आला. मिस्त्रींनी थापी धुतली आणि निघाले. मला वाटलं, वरमले!

दुसऱ्या दिवशी काँक्रीटवर पाणी मारायचं होतं. पाइप मीच धरला. पाणी थोडा वेळ विचारात पडलं आणि मग निघालं ते थेट स्वयंपाकघरात. तिथे आमची ही खाली बसून ज्वारीचं पीठ चाळत होती.

"अहो! माझं पीठ!"

मग मी मिस्त्रींना फोनवर जे बोललो, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. ते लगेच आले. नळी काढली नाही, वाद घातला नाही. माझी लेव्हल मागितली आणि उलटी केली.

खालच्या अंगाला, एका टोकाला, चिकटपट्टी. तिच्यावर माझं नाव. तिच्याखाली आणखी एक पट्टी, आणखी एक... दर खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेआधी मी नावाची नवी पट्टी लावायचो, कुणी ढापू नये म्हणून! तीस वर्षांच्या पट्ट्यांचा चांगला दोन नाण्यांएवढा थर. आणि नावाचं टोक कायम माझ्याकडे धरायची सवय, म्हणजे माझी बाजू दर वेळी उंचच दिसणार!

मिस्त्रींनी हळूच विचारलं, "साहेब, ह्या लेव्हलनं वर्कशॉपात काय काय बसवलं?"

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "हे कशाला काय बसवतायत? स्टोअरमधे हुते की! हत्यारं द्यायची आन् सही घ्यायची!"

सांगा, नवऱ्याची अब्रू अशी काढतात?

काँक्रीट फोडून पुन्हा टाकावं लागलं. रविवार काही माझ्यासाठी थांबला नाही. शेवटी मिस्त्रींनीच त्यांची बैठक झाडून दिली आणि माझ्या लेकीचा साखरपुडा त्यांच्या घरी झाला. ऐन कार्यक्रमात ताटातली एक सुपारी मिस्त्रींनी नळीनंच साधलेल्या फरशीवर पडली, आणि पडली तिथेच राहिली.

सगळे पाहुणे लेकीकडे बघत होते. मिस्त्री आणि आमची ही, दोघं माझ्याकडे.