सड्यावरची पागा आणि वहिनी

शाळेत पेपर तपासत बसले होते, तेव्हा मुक्ताचा, माझ्या भाचीचा, फोन आला. "आत्ये, आई गेली," एवढंच ती म्हणाली. पलीकडून घोड्याने खूर आपटल्याचा आवाज येत होता, म्हणजे ती पागेतच उभी होती. वहिनी सकाळचं दाणापाणी आटोपून तिथल्या बाकावर जरा टेकली आणि बसल्या जागीच गेली... त्याला आता दीड महिना होत आला.

पूर्णगडच्या वर, सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरच्या, आमच्या जमिनीत दादाने पागा काढायचं ठरवलं, तेव्हा घरात सर्वात मोठा विरोध तिचाच होता. दादा पुण्याला एका क्लबात घोडेस्वारी शिकवायचा. वहिनी लोटे वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होती आणि मुक्ताला घेऊन खेडला राहायची. संसार असा दोन गावांत वाटलेला. दादाचं म्हणणं, आता एकत्र राहू. पुण्या-कोल्हापूरची माणसं त्यांचे घोडे आपल्याकडे ठेवतील, आपण ते सांभाळू, त्यांना ड्रेसाज शिकवू. ड्रेसाज म्हणजे घोड्याने आणि स्वाराने एकमेकांचं इतकं ऐकायचं की बघणाऱ्याला हुकूम दिसताच कामा नये, असं तो आम्हाला जेवता जेवता समजावत होता. वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपला जीव कसाही सांभाळता येतो. परक्याचा जीव दारात बांधायचा म्हणजे झोप गेली." तरी तिने नोकरी सोडली. चिऱ्याची पागा उभी राहिली, कातळावर वाळू पसरून मैदान झालं, दादाने पुण्याहून रेवा नावाची शिकलेली घोडी आणली आणि हळूहळू लोकांचे तीन घोडे राहायला आले. वहिनीची झोप मात्र खरंच गेली. कुणी खोकलं, तर ती आधी पागेकडे बघायची. पहिल्याच उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला, तेव्हा घोडे पाणी प्यायल्याशिवाय घरात कुणी आंघोळ करायची नाही, असा नियम तिने घातला आणि दादालाही त्यातून सूट दिली नाही.

मुक्ता रेवावर बसायला लागली, तेव्हापासून मायलेकींत धुसफूस सुरू झाली. एकदा ताडपत्री वाऱ्याने फडफडली, रेवा बुजली आणि मुक्ता खांद्यावर पडली. हाड मोडलं. ते सांधलं, पण वहिनीने तिचं घोड्यावर बसणं बंद केलं ते केलंच. मुक्ता रोज रेवाला खरारा करायची, तिच्या मानेला डोकं टेकून उभी राहायची, आणि आईशी कामापुरतं बोलायची. दादा मध्ये पडायला गेला, तर वहिनी त्याच्याशीही बोलेनाशी झाली. मी सुट्टीत गेले की तिघांचे निरोप तिघांना पोचवायचं काम माझ्याकडे असायचं.

अशाच एका सुट्टीत, चैत्रातल्या दुपारी, सड्याच्या पश्चिमेकडच्या कडेला धूर दिसला. दादा गड्याला घेऊन पेंढा आणायला गेला होता. घरात आम्ही तिघी. सड्यावरचं गवत वाळून खडखडीत झालेलं आणि समुद्राकडून वारा सुटलेला. वणवा पागेकडेच येणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती. मागच्या बाजूला जुनी चिरेखाण होती, नुसता उघडा कातळ, तिथे जळायला काही नव्हतं. पण खाणीकडची वाट गवताच्या कडेकडेने जात होती आणि धूर तिच्यावर उतरू लागला होता. घोड्यांना वास लागला होता. ते दारं लाथाडत होते, आणि दार उघडलं तर मागे भिंतीला चिकटत होते. वहिनीने गोणपाटं भिजवून त्यांच्या डोळ्यांवर बांधली, दोन दोऱ्या स्वतः धरल्या, एक माझ्या हातात दिली. रेवाला मुक्ता ओढत होती, पण घोडी उंबरठ्यावर चारी पाय रोवून उभी. आणि ती हलल्याशिवाय बाकीचे हलणार नव्हते.

वहिनीने धुराकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"बाय, तिच्यावर बस," ती म्हणाली.

मुक्ताला आधी कळलंच नाही. वहिनीने दोऱ्या कोपरात अडकवल्या, स्वतः हातांची ओंजळ करून तिच्या पायाला आधार दिला आणि तिला वर चढवलं. खोगीर घालायला वेळ नव्हता. "धावायचं नाही," वहिनी म्हणाली, "एक धावला की सगळे सुटतील. मैदानात चालवायचीस तशी चालव."

मुक्ता ताठ बसली. तिने काय केलं ते मला दिसलं नाही, पण रेवाने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. डाव्या हाताला गवत तडतडत होतं, गालाला आच लागत होती, माझ्या हातातला घोडा थरथरत होता आणि माझ्या मनात एकच, पळावं. पुढे मुक्ताची पाठ धुरात दिसायची, नाहीशी व्हायची. ती नाहीशी झाली की वहिनी तिला हाक मारायची, अगदी हळू आवाजात, जेवायला बोलवावं तशी. प्रत्येक वेळी "ओ" आली. खाणीत पोचल्यावर वहिनी कातळाच्या एका उंच पायरीवर बसली आणि तिने मुक्ताचा पाय पोटाशी धरला. मुक्ता अजून घोडीवरच होती.

पेंढ्याचं शेड जळलं, पागेचं छप्पर अर्धं गेलं. एका मालकाने त्याच आठवड्यात आपला घोडा नेला. दादा इतका खचला की बंदच करू म्हणाला. नाही म्हणाली ती वहिनी. छप्पर होईपर्यंत घोडे तिने अंगणात बांधून घेतले, आणि पुढच्या थंडीत मुक्ता पुण्याला पहिल्यांदा स्पर्धेत उतरली, तेव्हा वहिनी कठड्याला धरून शेवटपर्यंत उभी होती. नंबर आला नाही. परत येताना गाडीत वहिनी सगळा वेळ रेवाच्या चालीबद्दलच बोलत होती.

वणव्यानंतर वहिनीला एक सवय लागली होती. उन्हाळ्यात दुपारी वारा समुद्राकडून फिरला की हातातलं काम टाकून ती आवाराच्या दगडी गडग्याशी जायची आणि पश्चिमेची कड नजरेने धुंडाळायची. तेरावं झाल्यावर मी तिथेच राहिले होते. एका दुपारी पानं वाढली आणि मुक्ता उठली. "आत्ये, तू बस. वारा फिरलाय, मी बघून येते." तिच्या मागोमाग मी पडवीत आले. गडग्याशी दादा आधीच उभा होता, डोळ्यांवर हात धरून. मुक्ता जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. सडा मोकळा होता, धूर कुठेच नव्हता, तरी दोघं हलेनात.

मी आत आले आणि पानं झाकून ठेवली.