नंबरपट्टीवर विश्वास न ठेवणारे पुरसोमेस्त

खाणीच्या गॅरेजमधले माझे काम सुटले, तेव्हा पेडण्याहून बस पकडून मी डिचोलीला पुरुषोत्तम मेस्तांच्या गॅरेजवर गेलो. सगळे त्यांना पुरसोमेस्त म्हणतात; आमच्याकडे कसबी कारागीर म्हणजे मेस्त. ते एका जुन्या ट्रकखाली उताणे पडले होते. मलाही त्यांनी खाली बोलावले आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवरची नंबरपट्टी वाचायला लावली.

"वाचली मरे? आतां ती विसर," ते म्हणाले. ही आमची पहिली ओळख. त्या दिवसापासून मी त्यांच्या हाताखाली काम करू लागलो.

आमच्या खाणपट्ट्यात एका ट्रकचा गिअरबॉक्स दुसऱ्याला बसवला, की जुनी पट्टी उखडून नव्यावर ठोकायची रीत. कागद आणि पट्टी जुळली, की सगळे खूश. मेस्त मात्र ऑइलचा पॅन उतरवत, त्याचा आकार पाहत, बोल्ट मोजत आणि बॉक्सच्या अंगावर ओतकामातच उमटलेला नंबर ब्रशने घासून काढत. मगच ठरवत, हा उघडून दुरुस्त करायचा की अख्खा बदलायचा. जळालेली क्लचची चकती ते चालकाच्या हातात दिल्याशिवाय राहत नसत. काय बिघडले ते ज्याचा जीव त्यावर अवलंबून आहे त्याला कळलेच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

माणूस म्हणून काय सांगू? माझी पत्नी म्हापशाच्या इस्पितळात होती, तेव्हा मेस्त रोज संध्याकाळी बसने पेजेचा डबा घेऊन येत. डबा रिकामा होईपर्यंत बाकड्यावर बसून राहत.

गौरवलेख इथे संपवता आला असता. ट्रकमालकांच्या संघटनेने मेस्तांच्या गौरवग्रंथासाठी माझ्याकडे "चार बरे शब्द" मागितले होते. पण या ग्रंथात कोणीच लिहिणार नाही ते मला लिहायचे आहे.

काही वर्षांपूर्वी धूळ दाबायला रस्त्यावर पाणी मारणारा एक जुना टँकर आमच्याकडे आला. मेस्त हरमलला लेकीकडे गेले होते. टँकरचा मालक घाई करत होता. मी पट्टी वाचली, कागदाशी जुळवली आणि त्या नंबरच्या चकत्या आणून बसवल्या. अंगावरचा नंबर गंजाखाली होता. मी तो घासला नाही. चकत्या किंचित पातळ होत्या, तरी बसल्या. चौथ्या दिवशी भरलेला टँकर चढावावर ओढ सोडून मागे घसरला आणि गटारात आडवा झाला. चालक नामदेव आजही काठी टेकत चालतो.

ट्रकमालकांची बैठक बसली. मी तोंड उघडण्याआधीच मेस्त उभे राहिले आणि म्हणाले, "चूक म्हजीच." बाहेर आल्यावर मी रडलो, तर म्हणाले, "तुजो हात अजून नवो. एकदा नांव गेलें म्हणल्यार हात चलना. म्हजें कितें, म्हातारो जालों."

खरे काय ते मी कोणालाच सांगितले नाही. त्या दिवसापासून त्यांच्याकडे एकही ट्रक आला नाही. कुठे गेले ट्रक? माझ्याकडे, मी वेगळे टाकलेल्या गॅरेजात. त्यांच्याच विद्येवर मी डिचोलीतला नावाजलेला मेस्त झालो. बैठकीत "म्हाताऱ्याचा हात गेला" असे ओरडणारेच आज त्यांच्या वयाचा मान म्हणून शाल घेऊन उभे आहेत, आणि मला त्यांचा संताप येतो. पण त्यांना निदान खरे माहीत नव्हते. मला माहीत होते.

हे लिहिणार असे मी मेस्तांना सांगितले, तेव्हा ते रागावले. "सोड मरे. जालें तें जालें," म्हणाले. प्रथमच त्यांचे ऐकत नाही. नामदेवच्या घरी मी कालच जाऊन आलो. त्याने दार लावून घेतले नाही, पण बस असेही म्हणाला नाही.

मेस्तांना उदंड आयुष्य आणि निरोगी शरीर लाभो, ही प्रार्थना मी स्वार्थाने करतो. गेलेले नाव परत यायला वेळ लागतो, आणि ते आलेले त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवे. गेल्या आठवड्यात माझ्याकडे एक जुना गिअरबॉक्स आला. मी तो उघडलेला नाही. टेम्पोत घालून पुरसोमेस्तांच्या गॅरेजात, त्यांच्या कामाच्या बाकड्यावर नेऊन ठेवला आहे. पट्टी मी आधीच काढून टाकली आहे.